लेट्यूस मातीत लावावं की हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर? चव आणि नफा कशात जास्त?

चवीचं आधी उरकतो. लेट्यूस कडू होतं ते उष्णतेनं. ऊन तापलं की ते फुलाचा दांडा काढतं, मग गादीवाफ्यावर असो नाहीतर पाईपात. ‘मातीतलं तेच खरं चवीचं’ म्हणणाऱ्यांना डोळे बांधून दोन्ही खायला घाला.

आता माझं ऐका. तळेगावजवळ छोटं पॉलिहाऊस, आत एनएफटी, म्हणजे पाईपातून खतपाण्याची पातळ धार सतत फिरती. डिसेंबर-जानेवारी झकास गेले. पाण्याचा सामू (पीएच) 6 च्या आसपास, ईसी, म्हणजे विरघळलेल्या खताचं माप, 1 ते 1.5, पुनर्लागणीपासून 40 दिवसांत गड्डा हातात. पानाला मातीचा कण नाही, हॉटेलवाला खूश.

मग एप्रिल आला. दुपारी रोपं माना टाकायला लागली, पाणी तर व्यवस्थित चालू! ज्या कंपनीनं सगळं उभारून दिलं होतं तिथला माणूस फोनवर म्हणाला, खताचा डोस वाढवा. वाढवला. दोनदा. चौथ्या दिवशी एक रोप उपसून पाहिलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून यायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरायचा. मूळकूज! टाकीत थर्मामीटर बुडवला तर 31 अंश. लेट्यूसच्या मुळांना 18 ते 22 मानवतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पिथियमचं, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जंतूचं, फावतं. त्यात टाकी एकच, म्हणजे रोगही घरपोच. बर्फाच्या लाद्या टाकल्या, ओली गोणपाटं गुंडाळली. 3 हजारांतली जेमतेम दोनशे रोपं वाचली.

आमचे दाजी तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात, ‘‘पाव्हण्यांनी माती सोडली आणि पैशाची माती केली.’’ पण त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या उघड्या वाफ्यावरचं लेट्यूस बुडापासून सडलं, उरलेल्यावर चिखलाचे शिंतोडे, निम्मे क्रेट परत आले. ते पंगतीत कधी निघत नाही. माझी चूक एवढीच की टाकी उन्हात ठेवली.

आता खरं तेही सांगतो. माती चुका पोटात घालते. एक दिवस पाणी चुकलं तरी सांभाळून घेते. एनएफटीत उन्हाळ्यात लाईट गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर तासा-दोन तासांत रोपं लोळतात. पहिल्यांदाच करत असाल तर थंडीत गादीवाफ्यावर, नाहीतर गच्चीत झाकणाच्या बादलीत खतपाणी भरून पंपाशिवाय लावून बघा. नफ्याचं म्हणाल तर आधी घेणारं हॉटेल पक्कं करा, भांडवलाचं नंतर बोलू. बिनहंगामात स्वच्छ माल देता आला तरच पाईपांचा खर्च निघतो.

मी पाईप काढले नाहीत. टाकी तेवढी जमिनीत पुरली, पाणी आता गार राहतं. दाजी बघायला आले, खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, ‘‘आलात ना शेवटी मातीत!’’

चहा दिला नाही त्यांना.