स्वतंत्र पक्ष आतून का दुभंगला?

प्रश्न : १९६७ मध्ये ४४ जागा जिंकून लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरलेला स्वतंत्र पक्ष १९७१ मध्ये अवघ्या ८ जागांवर आला. याला केवळ इंदिरा गांधींची लाट कारणीभूत होती की पक्षातील वैचारिक मतभेद? आणि महाराष्ट्रात तो का रुजला नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लाट होतीच, परंतु पक्षाची वीण मुळातच सैल होती. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून कसण्याचा, ठराव केला आणि त्या धास्तीतून त्याच वर्षी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), एन. जी. रंगा, क. मा. मुन्शी व मिनू मसानी एकत्र आले. संपत्तीच्या हक्काचे रक्षण हे त्यांचे समान सूत्र होते. मात्र आंध्रातील रंगांना त्यात शेतकऱ्याची जमीन दिसत होती, मुंबईतील उद्योजकांना परवाना राज्यातून, म्हणजे प्रत्येक उद्योगाला लागणाऱ्या सरकारी परवानग्यांच्या जाळ्यातून, सुटका हवी होती आणि राजस्थान-ओडिशातील संस्थानिकांना आपला मानमरातब व तनखे (सरकारकडून मिळणारे वार्षिक भत्ते) टिकवायचे होते.

याहून खोल भेद राजाजी आणि मसानी यांच्यात होता. मसानी हे १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाचे एक संस्थापक. साम्यवादाविषयीच्या भ्रमनिरासातून ते उदारमतवादाकडे आले आणि परराष्ट्र धोरणात पाश्चात्त्य राष्ट्रांकडे उघडपणे झुकले. राजाजींचा पुराणमतवाद धर्म, संयम आणि परंपरा यांवर उभा होता. सरकारने नागरिकाच्या व्यवहारात कमीत कमी ढवळाढवळ करावी, असे सांगणारे राजाजी दारूबंदीचे मात्र कट्टर पुरस्कर्ते होते, ही विसंगती त्यांना स्वतःला फारशी टोचलेली दिसत नाही. मूलभूत तत्त्वांबाहेरच्या प्रश्नांवर सभासदांना मतस्वातंत्र्य देऊन पक्षाने असे वाद झाकले. माझ्या मते ही सोय स्थापनेच्या वेळी शहाणपणाची होती, पण पुढे तिनेच शिस्त ढिली केली. रामगढच्या राजांनी आपला पक्ष विलीन करून बिहारमध्ये स्वतंत्र पक्षाला बळ दिले आणि काही वर्षांतच ते अनुयायांसह बाहेर पडले. विचारांपेक्षा व्यक्तिनिष्ठा मोठी असल्यावर दुसरे काय होणार?

संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याच्या इंदिरा गांधींच्या प्रयत्नावरून उठलेल्या वादाने हा पेच चव्हाट्यावर आणला. गुजरातेत भाईलालभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये विधानसभेच्या ६६ जागा जिंकणाऱ्या पक्षाला पाटीदार शेतकऱ्यांचा भक्कम आधार होता. तरीही १९७१ च्या ‘गरिबी हटाओ’च्या निवडणुकीत ‘राजेरजवाड्यांचा पक्ष’ हा शिक्का पुसणे त्याला जमले नाही. त्यातच संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीतील इंदिराविरोधी गट), जनसंघ आणि संयुक्त समाजवादी यांच्याशी आघाडी केल्यामुळे समाजवादाला विरोध करणारा पक्ष समाजवाद्यांच्याच पंक्तीला बसला. पराभवानंतर मसानी अध्यक्षपदावरून दूर झाले, १९७२ च्या अखेरीस राजाजी निवर्तले आणि १९७४ मध्ये पिलू मोदी यांच्या नेतृत्वाखालील पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

महाराष्ट्रात संयुक्त शेतीची भीती तितकीशी पसरली नाही, कारण येथील ऊस उत्पादकाची जमीन त्याच्याच नावावर राहून केवळ साखर कारखाना सहकारी होता आणि त्या व्यवस्थेचे नेतृत्व काँग्रेसच्या हाती होते. पक्षाची येथील ओळख मुख्यतः मुंबईतील इंग्रजी जाणणाऱ्या वर्गापुरती राहिली. शेतकऱ्याच्या बाजूने खुल्या बाजारपेठेची मागणी मराठीत जोरकसपणे मांडली ती पुढे शरद जोशी यांनी. १९९४ मध्ये त्यांनी काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षात संस्थानिक नव्हते, पण निवडणुकीतील यश त्यालाही बेताचेच मिळाले.