आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला तीस वर्षं होतायत. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला सांगितलंय, हाताशी फक्त जुन्या भाषणांचं बाड आहे. सुरुवात कुठून करू?

भाषणांचं बाड सध्या कपाटात ठेवा. ते शेवटी लागेल. कॉलेजचा इतिहास ऑफिसातल्या चार-पाच रजिस्टरांत असतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती रजिस्टरं दर पावसाळ्यात थोडी थोडी संपत असतात.

पहिला घोळ स्थापनेच्या वर्षाचा होतो. संस्थेची नोंदणी, एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता, विद्यापीठाची संलग्नता आणि पहिल्या तुकडीचा पहिला तास या चार वेगळ्या तारखा आहेत. फलकावर एक रंगवलेली असते, माहितीपत्रकात दुसरी. चारही द्या, कोणत्या कागदावरून घेतल्या तेही लिहा. संस्थेची तारीख धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा काढला की मिळते. विश्वस्त कधी बदलले ते बदल अर्जांवरून कळतं. जागेसाठी नुसता सातबारा पुरत नाही, जुने फेरफार काढा. खरेदीखत होतं की बक्षीसपत्र, कोणत्या हिस्सेदारांनी सह्या केल्या, हे तिथेच सापडतं. जमीन देणाऱ्यांची नावं स्मरणिकेतून गळली, तर त्या घरांना ते फार लागतं, आणि लागायलाच हवं.

मान्यतापत्रं वर्षवार लावा. एआयसीटीई १९४५ पासून आहे, पण तिला कायद्याचा अधिकार मिळाला तो १९८७ च्या कायद्याने, त्यामुळे तुमच्या कॉलेजची शाखावार प्रवेशक्षमता या पत्रांत असणार. मधलं एखादं वर्ष सापडलं नाही तर आवक-जावक रजिस्टर बघा. पत्र गेलं तरी नोंद राहते. तीही नसेल तर तंत्रशिक्षण संचालनालयाकडे किंवा विद्यापीठाकडे माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. पत्राचा विषय आणि वर्ष नेमकं लिहा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही.

विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीचे अहवाल मात्र अक्षरशः ओळ न ओळ वाचा. प्रयोगशाळेत काय होतं, ग्रंथालयात पुस्तकं किती, पूर्णवेळ शिक्षक किती नि तासिकेवरचे किती, ‘पुढील भेटीपूर्वी पूर्तता करावी’ म्हणून कशावर बोट ठेवलं, सगळं त्यात असतं. सुरुवातीची वर्षं कशी काढली हे यापेक्षा प्रामाणिकपणे कुठलाही कागद सांगत नाही.

नव्वदच्या दशकातली काही पत्रं गुळगुळीत फॅक्सच्या कागदावर असतील. तो कागद उष्णतेने काळा पडतो आणि नुसत्या ठेवण्याने अक्षरं उडतात. लॅमिनेट करायला अजिबात देऊ नका, एका क्षणात सगळं पत्र काळं होईल. आधी फोटो काढा, मग साध्या कागदावर प्रत करून मूळ पत्रासोबत ठेवा. बाकीच्या फायली नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत उघडा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, वाकवून सैल करा. ओल लागलेले गठ्ठे सावलीत पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. बुरशी वाळल्यावर मास्क लावून मऊ ब्रशने झाडा; ओली असताना पुसली तर ती कागदात भिनते. स्कॅन करताना पत्रांना ३०० डीपीआय पुरतं, छोट्या फोटोंना ६००.

आता ज्यासाठी हा खटाटोप करायचा ते. कोकणातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर पूर्वी मुंबईला १८८७ चं व्हीजेटीआय, नाहीतर आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून सांगलीचं १९४७ चं वालचंद, कराडचं १९६० चं शासकीय कॉलेज गाठावं लागे. राज्याने १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली, १९८९ मध्ये लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा कायदा झाला. मग तुमचं कॉलेज निघाल्यावर जिल्ह्यातली मुलं खरंच तिथे शिकली का? जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, उघडा आणि ‘यापूर्वीची शाळा/कॉलेज’ हा रकाना तालुकावार मोजा. पहिल्या दहा तुकड्या पुरे. मुली वेगळ्या मोजा. हा एक तक्ता सगळ्या मनोगतांपेक्षा मोलाचा ठरेल.

मोजताना एक सांभाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन निकालानंतर, म्हणजे १९९३ पासून, निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ होत्या. त्याच न्यायालयाच्या २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती रचना गेली. त्या काळातली फी सरासरी काढून लिहू नका, एकाच वर्गात दोन वेगळ्या फी होत्या.

विद्यापीठाचंही तसंच. २०१४ च्या कायद्याने लोणेऱ्याला राज्यभरातली कॉलेजं संलग्न करून घेता येऊ लागली. तुमचं कॉलेज मुंबई विद्यापीठातून तिकडे गेलं असेल तर वरच्या वर्गांतली मुलं जुन्या विद्यापीठाचीच राहिली असणार, म्हणजे काही वर्षं एकाच इमारतीत बी.ई. आणि बी.टेक. दोन्ही चालू. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत पदवीचं नाव तुकडीनुसार तपासा. इथे चूक झाली की नोकरीतल्या पडताळणीत त्याच माणसाला त्रास होतो.

शेवटी वर्कशॉपमध्ये जा. लेथ, ड्रिलिंग मशीन, टेस्टिंग मशीन यांच्या प्लेटवर बनावटीचा क्रमांक आणि बहुधा वर्ष ठोकलेलं असतं. खाऱ्या हवेने प्लेट गंजलेली असेल तर पॉलिश पेपर लावू नका, अंक घासले जातात. रॉकेलच्या फडक्याने पुसा, सुकू द्या, खडूची पूड चोळून वरची झटका. खोलगट अंकांत पांढरं राहतं. बॅटरी बाजूने तिरपी धरून फोटो घ्या. तो क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीशी, जुळवा. मशीन बनल्याचं वर्ष खरेदीच्या बरंच आधीचं निघालं, तर ते सेकंडहँड आलं असण्याची शक्यता आहे. जुन्या वर्कशॉप इन्स्ट्रक्टरना विचारा, कुठून आणलं ते त्यांना बहुतेक आठवत असतं.