मणिपूरची मुलगी, मोमो आणि काकूंचा प्रश्न

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये मणिपूरची एक मुलगी भाड्याने राहते, आयटीत आहे. बिल्डिंगमधली पोरं तिला चिंकी म्हणतात, मी एकदोघांना झापलं पण. मग मुद्दाम ओळख वाढवायची म्हणून नाताळला केक आणि मोमो घेऊन गेले, म्हटलं तुमचा सण आहे ना. तर ती म्हणाली, "काकू, आमच्या घरी कृष्ण असतो, आणि मोमो मी पुण्यात आल्यावरच खायला लागले." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटली तरी बोलत नाही. त्यात आता तिच्या किचनच्या वासाची तक्रार कमिटीकडे गेलीय, रविवारी मीटिंग आहे. माझं काय चुकलं आणि तिथे काय बोलू? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पोरांना झापायला हिंमत लागते, बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखं करतात, तेव्हा तुमच्या मनाबद्दल मला काही शंका नाही. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात त्या मुलीचं नावच नाही. छापायचं नाही म्हणून गाळलं असेल तर चांगलंच केलंत. पण माहीतच नसेल, किंवा अवघड वाटतं म्हणून कधी तोंडात बसलंच नसेल, तर तिथूनच सुरुवात करा. परत एकदा सांग गं, मला नीट म्हणता यायला हवं, एवढं म्हणा आणि त्यातच त्या दिवशीची माफीही मागून टाका, दोन वाक्यात. लिफ्टमधला अबोला मात्र लगेच सोडा, कारण तुम्ही का गप्प आहात हे तिला कळत नाहीये, तिला वाटत असणार की काकूपण इतरांसारख्याच निघाल्या.

चुकलं काय, तर ईशान्येकडची आठ राज्यं आपण एकाच डब्यात टाकतो. नाताळ नागालँड-मिझोराममध्ये मोठा, मणिपूरच्या डोंगरातल्या नागा-कुकी गावांतही मोठा. पण इंफाळ खोऱ्यातल्या मैतेई लोकांमध्ये वैष्णव खूप आहेत, त्यांची रासलीला राजा भाग्यचंद्राने १७७९ मध्ये सुरू केली, तर काहीजण जुना सनामही धर्म पाळतात. मोमो मूळचे तिबेट-नेपाळकडचे. आणि १९९२ मध्ये ज्या घटनादुरुस्तीने कोकणीला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, त्याच दुरुस्तीने मणिपुरीलाही मिळाली, म्हणजे ती भाषा आपल्याला इतकी परकी वाटायचं कारण नाही.

पण हे वाचून आता लगेच तिला रासलीलेबद्दल विचारत बसू नका हं, तो परत दुसरा डबा झाला. तिला नाचात काडीचा रस नसेल, देवाधर्मातही नसेल, दिवसभर ऑफिसने पिट्टा पडून फक्त झोपायचं असेल. २०२३ पासून तिकडे मैतेई आणि कुकींमध्ये जे पेटलंय त्याबद्दलही पहिल्या गप्पांत, कोणाचं बरोबर गं, असं नको. तिचं घर, तिची माणसं त्यात कशी सापडलीत ते आपल्याला माहीत नसतं, सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

आता वास. मी रत्नागिरीची. नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा एका घरमालकीणबाईंनी गाव ऐकल्या ऐकल्या सांगितलं, नको बाई, तुम्ही लोक सुकट भाजणार. मला मासे चालतच नाहीत, लहानपणापासून अंगावर गांधी उठतात, पण ते सांगायला त्यांनी वेळच दिला नाही, दार लावून घेतलं. बॅग घेऊन मी त्या जिन्यात उभी होते ते अजून आठवतं. मणिपुरी स्वयंपाकात ङारी नावाची आंबवलेली मासळी असते, आपल्या बोंबील-सुकटीसारखाच तिचा दर्प. तिने तीच केली होती की दुसरं काही, कोणी विचारलंय का तिला?

मीटिंगमध्ये एवढंच मांडा की तिला बोलवा आणि तिच्यासमोर बोला, भाडेकरू आहे म्हणून पाठीमागे ठराव नको. एक्झॉस्ट फॅन, डक्टची जाळी, जो काही नियम करायचा तो बोंबील भाजणाऱ्यांना आणि लसणाची फोडणी देणाऱ्यांनाही लागू.

आणि पोरांच्या आईबापांशी चिंकी शब्दाबद्दल तिथेच बोला. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, त्यातून भांडण, मारहाण, आणि तो पोरगा गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना इतरत्र काय सोसावं लागतं ते पाहायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली होती. सुरुवात टिंगलीनेच झाली होती हे त्यांना सांगा, आणि जमलं तर त्या दिवशी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.