म्हादईत पहिल्यांदा काम करायला येणाऱ्याला

तू कॅमेरा घेऊन वाघाच्या मागे निघणार म्हणतोस. थोडा थांब. पहिले काही महिने गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या लोकांच्या ओसरीवर बस, चहा घे, ऐक. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, पण या डोंगरांत वाघ्रो देव म्हणून वाघाला हात जोडणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

आणि इथेच जानेवारी २०२० मध्ये गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. ते दिवस आठवले की अजून घसा दाटून येतो. ज्याचं दुभतं जनावर वाघ नेतो, त्याला भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले तर त्याच्या मनात काय येईल? म्हणून ढोर मारल्याचं कळलं की त्याच दिवशी त्या घरी जा. वनखात्याला कळवायला, पंचनामा करून घ्यायला, अर्ज भरायला मदत कर. वाघ वाचवण्याचं याहून मोठं काम मला तरी माहीत नाही.

पावसात चोर्ला घाटात मलबारी चापडा हा विषारी साप दिसेल. तो एकाच फांदीवर कित्येक दिवस बसून राहतो, त्यामुळे जागा कुणाला सांगू नकोस, फोटोतलं लोकेशन बंद ठेव. फांदी हलवायची नाही, टॉर्च डोळ्यांवर मारायचा नाही. चिखल लागलेले बूट धुऊनच दुसऱ्या ओहोळात उतर, बेडकांचे रोग चिखलातूनही जातात.

उन्हाळ्यात काजूच्या बागा साफ करताना पालापाचोळा पेटवतात, तेव्हा तू गावातच असायला हवास. धूर दिसल्यावर पणजीहून निघालास तर उशीर झालेला असतो.