वाचक विचारतात : लाल ठिपके आणि पहाटेचा धूर

प्रश्न : फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे जळकट वास येतो. नासाच्या 'फर्म्स' नकाशावर मुरबाड-कर्जतकडे लाल ठिपके दिसतात. हा धूर तिकडचाच, की पंजाबातल्या पराळीचा? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पंजाबची पराळी, म्हणजे भातकापणीनंतरचे खुंट, पेटते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात; ती सोडून द्या. फेब्रुवारीपासून आपल्याकडे राब भाजतात, म्हणजे शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा अंथरून जाळतात, डोंगरांवर वणवेही लागतात. मात्र ठिपका म्हणजे धूर नव्हे. तिथे आजूबाजूपेक्षा जास्त उष्णता दिसली, एवढेच तो सांगतो. उपग्रहांवरच्या उपकरणांपैकी 'व्हिअर्स'च्या चित्राचा एक चौकोन 375 मीटरचा, 'मोडिस'चा 1 किलोमीटरचा. ठिपका चौकोनाच्या मध्यावर पडतो, आग आत कुठेही असेल. तेव्हा ठिपक्याखालच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका.

धूर पाहायचा तर नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर नोआ-20 उपग्रहाचे खऱ्या रंगांतले चित्र लावा. धूर निळसर-करडा असतो, त्याखालची जमीन अंधुक दिसते आणि त्याचे टोक आगीपाशी अरुंद होते. ढग वाटला तर 'मोडिस'चे 7-2-1 (या क्रमांकांच्या प्रकाशपट्ट्यांचे) चित्र लावा; त्यात धूर बराचसा विरतो, ढग तसाच राहतो.

खरी गफलत वेळेची होते. फर्म्सच्या नोंदी युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात; भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. 0800 म्हणजे आपले दुपारचे दीड. त्या वेळी खारे वारे सुटलेले असतात, म्हणून चित्रात धूर घाटाकडे जाताना दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. रात्री मतलई वारे सुटले की तोच धुमसता धूर खाडीकडे परततो. हवा कुठून आली हे दाखवणाऱ्या, नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या 'हायस्प्लिट' प्रणालीत 19.15 उत्तर, 73.00 पूर्व (ऐरोली) हे ठिकाण, 01 युटीसी (आपले सकाळचे साडेसहा) ही वेळ, 24 तास मागे आणि 100 व 500 मीटर उंची देऊन हवेचा माग काढा. दोन उंचींच्या दोन रेषा वेगवेगळ्या दिशांना गेल्या तर निष्कर्ष काढू नका. खारे-मतलई वारे या गणितातल्या हवामान-नोंदींच्या जाडसर जाळीत नीट उतरत नाहीत.

शेवटी ऐरोलीच्या हवा-मापन केंद्राचे तासागणिक आकडे बघा. पीएम 10 (हवेतले कण) मधला पीएम 2.5 चा (त्यातल्या अतिसूक्ष्म कणांचा) वाटा वाढला तर जळणाचा संशय घ्या. नुसते पीएम 10 चढले तर धूळ, आणि बांधकामांमुळे तिची इथे वाण नाही.

ठिपका नाही म्हणजे आग नाही, असेही धरू नका. राब म्हणजे शेण, टहाळ, पालापाचोळा अंथरून, वर मातीचा पातळ थर देऊन पेटवलेला काही गुंठ्यांचा तुकडा. तो धुमसतो, भडकत नाही; उपग्रह येईपर्यंत अनेकदा विझलेलाही असतो. गल्लीतला पेटवलेला कचरा तर उपग्रहाला दिसणे कठीणच.

प्रश्न : मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपके कसे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या फलाटांवर जळणाऱ्या वायूच्या त्या ज्वाला. फर्म्सच्या जुन्या, तपासलेल्या नोंदींत 'टाइप' रकान्यात अशांना 3, जमिनीवरच्या कायमच्या उष्ण जागांना 2 आणि रानाशेतातल्या आगींना 0 असतो. ताज्या नोंदींत हा रकाना नसतो. तिथे महिनोन्‌महिने एकाच जागी येणारा ठिपका शेतातला नाही, असे समजा.