नकाशा रंगवण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मुंबईत दहशतवादी हल्ला कुठे होऊ शकतो हे दाखवणारा तुझा नकाशा पाहिला. मुंबईच्या मधोमध लालभडक गोळा आणि खाली ‘अतिधोक्याचं क्षेत्र’! रंग झकास जमलेत, पण तो गोळा शहरातून नव्हे, तुझ्या डेटातून आलाय. मेरीलँड विद्यापीठाच्या ग्लोबल टेररिझम डेटाबेसमध्ये जगभरच्या दहशतवादी हल्ल्यांच्या १९७० पासूनच्या नोंदी आहेत, मान्य. मात्र अक्षांश-रेखांशांच्या शेजारी अचूकतेचा रकाना असतो, तो तू वाचलेला दिसत नाही. तिथला सर्वांत चांगला आकडा १, आणि त्याचा अर्थसुद्धा ‘गाव किंवा शहर नक्की कळलंय’ इतकाच. म्हणजे झवेरी बाजार आणि दादर एकाच ठिपक्यावर येऊन बसू शकतात. देशाच्या नकाशावर हे खपून जातं, वॉर्डाच्या नकाशावर नाही.

तेव्हा जुनी वर्तमानपत्रं आणि न्यायालयांचे निकाल काढ, आणि प्रत्येक जागा हाताने नोंदव. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मा अभ्यास तिथेच होतो. ११ जुलै २००६ चंच घे. संध्याकाळच्या गर्दीत ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेवर ७ स्फोट झाले, माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत. तू ठिपके त्या स्टेशनांवर देशील. पण सातही स्फोट लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत झाले होते. लक्ष्य धावतं होतं. माहीम किंवा खार हा परिसर कुणी निवडला होता असं त्यावरून म्हणता येत नाही. अशा नोंदीला ठिपका द्यायचा की रेल्वेमार्गाची रेघ, हे आधी ठरव.

आता पद्धतीबद्दल. रटगर्स विद्यापीठाच्या कॅप्लन आणि केनेडी यांनी गुन्ह्यांसाठी जी जोखीम-भूप्रदेशाची रीत मांडली, ती तुला उपयोगी पडेल. घटना कुठे घडली एवढ्यावर न थांबता त्या जागेभोवती काय काय आहे याचे लेयर, म्हणजे नकाशाचे थर, एकावर एक चढवायचे. झवेरी बाजारात १९९३, २००३ आणि २०११ असे तीनदा स्फोट झाले. सोन्याचा व्यापार, अरुंद गल्ल्या, जवळच मुंबादेवी, दिवसभर रेटारेटी. लगेच समीकरण मांडायचा मोह होईल. पण अशीच गर्दी, अशाच गल्ल्या असलेल्या आणि आजवर काहीच न घडलेल्या जागा तुझ्या तक्त्यात आहेत का? नसतील तर तू फक्त गर्दीचा नकाशा काढलास, आणि तो कोणताही बेस्टचा कंडक्टर तोंडी सांगेल.

शिवाय हल्लेखोरही नकाशा वाचतात. एप्रिल १९९३ मध्ये लंडनच्या जुन्या व्यापारी भागात, बिशप्सगेट रस्त्यावर, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने ट्रकबॉम्ब फोडला, आणि नंतर त्या भागाभोवती तपासणी नाके बसले. पुढे शस्त्रसंधी मोडून आयआरएने फेब्रुवारी १९९६ मध्ये बॉम्ब फोडला तो काही किलोमीटरवरच्या डॉकलँड्समध्ये, आणि जूनमध्ये मँचेस्टरला. नाक्यांमुळेच असं झालं, असा माझा दावा नाही. पण बंदोबस्ताचा लेयर नसेल तर तुझं मॉडेल कालच्या शहराबद्दल बोलत राहील.

आणि एक गोष्ट जरा कडक शब्दांत. तुझ्या फाइलमध्ये वस्त्यांच्या धर्माचा लेयर दिसला. तो काढून टाक. हल्ला कुठे होऊ शकतो आणि हल्लेखोर कुठे राहतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; तुझा प्रश्न पहिला आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण कराचीहून समुद्रमार्गे आले आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरले. मुंबईतल्या कुठल्या वस्तीचा रंग तुला त्यांची चाहूल देणार होता? उलट असा नकाशा एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या हाती पडला की गल्लीतल्या पोरांची झडती सुरू होते, आणि माहिती द्यायला पुढे येणारे लोक गप्प बसतात.

त्याऐवजी रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं आणि संध्याकाळी सहाला तिथून रुग्णवाहिकेला लागणारा वेळ यांचा लेयर घाल. हल्ल्याची जागा चुकली तरी हा लेयर वाया जात नाही, पूर-आगीतही कामाला येतो.

पुढच्या वेळी आधी तक्ता पाठव, काहीच न घडलेल्या जागांसकट. नकाशा त्यानंतर बघू.

तुझा,
सर