रोग, रूज आणि बेरड

शहापूरहून एका मुलीने विचारले आहे: "आम्ही सहा जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन, फासे टाकून कल्पनेत खेळायचा खेळ) खेळतो, साडेतीनची (३.५) आवृत्ती, बोलणं सगळं मराठीतून. माझं पात्र रोग (rogue) या वर्गातलं, म्हणजे पेशाचं, आहे. सातवी पातळी झाली, आता पुढचा खास वर्ग निवडायचाय. असॅसिन, शॅडोडान्सर की आर्केन ट्रिकस्टर? आणि या सगळ्यांना, मुळात रोगलाच, मराठीत काय म्हणायचं? आमच्यातला एक जण 'बेरड' म्हणा म्हणतो. चालेल का?"

नाही चालणार. आणि तो 'रोग'ही आधी बंद कर. मागे बेळगावात टिळकवाडीला भाच्याकडे गेलो होतो. बैठकीत पोरं सतरंजीवर गोल बसलेली, मध्ये भज्यांचं ताट, वीस बाजूंचा फासा शोकेसखाली गेलेला आणि एक जण पालथा पडून तो काढतोय. दुसरा ओरडला, "माझा रोग आत शिरला!" स्वयंपाकघरातून ताई झारा हातात घेऊन बाहेर आली, "कुणाला काय झालं रे?" लिहिताना तर याहून वाईट. इंग्रजी स्पेलिंगमधली दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की 'रोग'चा 'रूज' होतो, म्हणजे गालाला लावायची लाली. भाच्याच्या वहीत 'रूज, पातळी ५' असं ठसठशीत लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

चोर, लुच्चा, लबाड हे शब्द तुला ठाऊक आहेतच, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. 'चोर' तर खेळानेच टाकून दिला. १९७५ साली हा वर्ग आला तेव्हा त्याचं नाव 'थीफ' होतं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत रोग ही मोठी वर्गवारी झाली, तिच्या पोटात थीफ आणि बार्ड. म्हणजे चोर आणि शाहीर एका पंगतीला! २००० साली तिसरी आवृत्ती आली, शाहीर वेगळा झाला आणि चोराचंच नाव रोग पडलं. तुमची साडेतीनची २००३ची. (साडेतीन म्हटलं की मला पेशवाईतले साडेतीन शहाणे आठवतात. नाना फडणवीस अर्धाच का, तर त्याला तलवार चालवता येत नव्हती म्हणून, असं सांगतात. तुमच्या खेळात तोच पूर्ण ठरला असता.)

आता इंग्रजी शब्दाचं मूळ बघ, कारण 'बेरड' का नको ते तिथेच कळतं. सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या भटक्यांच्या चोरबोलीत 'रोगर' असा शब्द होता, 'ग' ठणठणीत उच्चारायचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा गरीब विद्यार्थी असल्याची बतावणी करून भीक मागणारा तो रोगर. 'रोग' बहुधा त्याच्यावरूनच आला. म्हणजे मुळात हा दरोडेखोर नव्हेच, सोंगाड्या भिकारी. पुढे १५९७-९८च्या कायद्याने 'रोग, भटके आणि धट्टेकट्टे भिकारी' अशी मोट बांधली आणि त्यांना फटके मारून आपापल्या गावी हाकलायचं ठरवलं. आधी फिरस्त्याला नाव दिलं, मग त्या नावाचाच गुन्हा केला. तिथल्याच साहेबांनी इथे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण शब्दांना चिकटलेला चिखल गेला नाही. 'भामटा' म्हणताना आपण एका समाजाचं नाव घेतो हे किती जणांच्या लक्षात येतं? महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते नाव आजही आहे. बेरडही त्याच यादीत.

तर बेरड. आपल्याकडे निगरगट्ट माणसाला सर्रास 'काय बेरड आहे' म्हणतात. बँकेच्या रांगेत ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, आणि दर वेळी माझ्या कपाळाला आठी पडते. त्याहून राग येतो तो शब्दाची फोड करून सांगणाऱ्यांचा. 'बे' म्हणजे विना, 'डर' म्हणजे भीती, म्हणून बेडर, म्हणून बेरड! गेल्या वर्षी एका व्याख्यात्यांनी व्यासपीठावरून हे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मराठीत निर्भय अर्थाचा 'बेडर' आहे, नाही कोण म्हणतो? पण चेहरा सारखा म्हणून दोघं भाऊ होत नाहीत.

भाच्याच्या त्याच खेळात गोकाकचा एक मुलगा होता. खेळ चालवणारा विचारतो, "पेटी उघडतोस?" तर हा दोन्ही हात हलवून, "ब्याड, ब्याड!" बेळगावात राहून हा शब्द कळत नाही असा माणूस सापडायचा नाही. 'बेड' म्हणजे नको. आणि कन्नडमध्ये अगदी याच चेहऱ्याचा दुसरा 'बेड' आहे, त्याचा अर्थ शिकारी. शिकार म्हणजे बेटे. तमिळमध्ये शिकारी तो 'वेडन', शिकार ती 'वेट्टै'. तमिळच्या आरंभीच्या 'व'ला कन्नडमध्ये 'ब' येतो हे तर शाळकरी पोरालाही दाखवता येईल: तमिळ 'वा' म्हणजे ये, कन्नड 'बा', तमिळ 'विल्' म्हणजे धनुष्य, कन्नड 'बिल्लु', आणि तो नकोवाला 'बेड', तोही तमिळमध्ये 'वेण्डाम'. दोन वेगळे शब्द एकाच वाटेने चालत आले आणि कन्नडमध्ये जुळ्यासारखे दिसू लागले. मला तर हे पाहून जेवण गोड लागतं.

आता बेड याचं अनेकवचन बेडरु. समाजाचं नाव शेजारची भाषा उचलते ते बहुधा अनेकवचनातच, कारण ऐकू येतं तेच. बेडरुचं झालं बेडर, आणि मराठी जिभेवर 'ड' आणि 'र' यांनी जागा बदलल्या की बेरड. नुकसानचं नुस्कान, मतलबचं मतबल, चिकटणेचं चिटकणे करणारी ही आपली जीभ. तिला बेडरचं बेरड करायला कितीसा वेळ? शंकराला स्वतःचे डोळे काढून देणारा कण्णप्प कन्नडमध्ये 'बेडर कण्णप्प' म्हणून ओळखला जातो. तो निर्भय असेलही, पण नावात आहे ते शिकाऱ्यांचं कूळ. फारशी 'बे'ला तिथे काय काम?

आणि माणसं कोण? १७०५ साली औरंगजेब स्वतः आजच्या कर्नाटकातल्या वाकिणखेड्याला वेढा घालून बसला तो याच बेडरांच्या पिड्या नायकाविरुद्ध. म्हाताऱ्या बादशहाने जातीने चालवलेला तो शेवटचा वेढा. नायकाने तहाच्या बोलण्यात त्याला खेळवलं, धनाजी जाधव मदतीला आला, आणि किल्ला हाती लागला तेव्हा शिकार निघून गेली होती. १८५७ साली हलगलीचे बेडर हत्यारं खाली ठेवायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध उठले. आज कर्नाटकात हा समाज अनुसूचित जमातींत मोडतो, पलीकडे महाराष्ट्रात विमुक्त जातींत. सीमा ओलांडली की यादी बदलते, आणि या सगळ्याचा आमच्या पंगतीतल्या बोलण्यात उरतो तो अर्थ काय, तर निगरगट्ट!

मग रोगला म्हणायचं काय? बेरकी. दुसरा शब्द शोधूच नकोस. चोरी हा त्या वर्गाचा धर्म नाहीच. दर पातळीला कौशल्याचे आठ गुण त्याला मिळतात, इतके मूळ पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्याच वर्गाला नाहीत. कुलूप, सापळा, बोलणं, दोरीवर चालणं, सगळ्यात थोडं थोडं डोकं. याला मराठीत बेरकीच म्हणतात, आणि म्हणताना जरा कौतुकही असतं.

या बेरकीबद्दल माझा एक लाडका कयास आहे. पाटलाची पाटीलकी, तशी बेरडाची 'बेरडकी'. 'की'च्या आधीचा 'ड' झिजला आणि बेरकी उरला. माझे एक प्राध्यापक मित्र यावर नाक मुरडतात. म्हणतात, पाटीलकी नाम आहे, बेरकी विशेषण, तुमची गाडी रुळावरून घसरली. घसरू दे. 'लबाडी' आणि 'लबाड' यांच्यातली ये-जा ज्यांनी ऐकली नाही त्यांनी मला व्याकरण शिकवू नये. भाच्याने मात्र अडचणीत आणलं. "मग काका, हा पण त्यांचाच शब्द झाला की!" झाला खरा. पण बेरकी म्हणताना कुणाच्या तोंडात कुठला समाज येत नाही, आणि झालाच तर हा वाघुरेतून निसटणाऱ्या पिड्या नायकाचा वारसा झाला. त्याला लाज कसली?

तुझे तीन पर्याय राहिलेच. असॅसिन म्हणजे मारेकरी. 'मारेकरी घातले' असं आपण म्हणतो, म्हणजे त्याच्यामागे घालणारा कुणीतरी असतो, ते इथे बसतं. 'गारदी' नको. गारदी हा पगारी शिपाई. नारायणरावाच्या खुनाने, १७७३ साली, सगळ्या गारद्यांचं नाव खराब झालं. पुन्हा तीच रड. मारेकरी आधी तीन फेऱ्या सावज हेरतो आणि मग वार करतो. पातळीच्या हिशेबाने तो तुला आत्ताही मिळेल, पण पात्र दुष्ट हवं, आणि त्या टोळीत शिरण्यासाठीच म्हणून एक खून करावा लागतो. तुझे पाच सोबती तुझ्यासोबत जेवतील का ते विचार.

शॅडोडान्सरला 'छायानर्तक' म्हणणाऱ्याला खेळातून काढा. चकवा म्हणा. खानापूरच्या रानात चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच झाडाभोवती फिरतो. हा वर्गही तसाच: उघड्यावर डोळ्यांदेखत दिसेनासा व्हायचा, पुढे एका सावलीत शिरून दुसरीतून निघायचा. लपण्यात दहा गुण लागतात, ते सातव्या पातळीला जेमतेम भरतात. आवाज न करता चालण्यात आठ आणि नाचात पाच. शिवाय डॉज, मोबिलिटी आणि कॉम्बॅट रिफ्लेक्सेस ही तीन फीट्स, म्हणजे खास करामती, हवीत. तू मनुष्य नसशील तर आत्तापर्यंत तुला मिळाली आहेत तीनच. दुसरीकडे खर्च केली नसशील तर आठव्या पातळीला चकवा हो.

आर्केन ट्रिकस्टर म्हणजे गारुडी. 'गारुड' म्हणजे सापाचं विष उतरवायचा मंत्र, आणि गारुड्याचा हात तर तू जत्रेत पाहिलाच असशील. मंत्र आणि हातचलाखी एकाच शब्दात, मराठीला हे आयतं मिळालंय. पण त्याला तिसऱ्या पायरीचा मंत्र टाकता यावा लागतो, म्हणजे पाच पातळ्या विझर्डच्या, जादूगाराच्या वर्गाच्या. तिसरी झाल्या झाल्या तिकडे वळली असतीस तर आठव्यापर्यंत जमलं असतं. आता बाराव्यापर्यंत थांबावं लागेल, आणि तुमचे रविवार तोवर टिकतात का ते तुलाच ठाऊक.